चारची हजेरी

सौम्या : नाही सर, तुम्ही व्हा पुढं. मी इथंच फणसाखाली थांबते. गेलेल्या पोरीच्या घरी जाऊन, "तुमची सून रोज आम्हाला मेसेज करायलीय," असं सांगायचं? मला नाही जमायचं.

मारुतीराव : सांगायचं नाही, विचारायचं आहे. आणि खानापूरपासून बसमध्ये अखंड बोलत होतीस, तेव्हा नाही घाबरलीस.

सौम्या : भीती वाटायली म्हणूनच बोलत होते की! गप्प बसलं की डोळ्यासमोर तेच येतं. चार वाजतात, तुम्ही ग्रुपवर लिहिता, "शाळा भरली." मग एकेक जण हजर, हजर लिहितो. आमच्या वडगावच्या मागावरच्या बायका, निपाणीचा शामू, गुंजीची ती दोघं भावंडं. हजेरी संपते, तुम्ही कन्नडचं पहिलं वाक्य टाकता, आणि वर दिसायला लागतं, रक्षा लिहीत आहे. दहा मिनिटं, सर! दहा मिनिटं ती लिहीतच असते. सगळी माणसं नुसती फोनकडं बघत बसतात. आणि शेवटी येतं काय? तीन अक्षरं. हजर.

मारुतीराव : मोजलीत मी ती दहा मिनिटं. रोज मोजतो.

सौम्या : सप्टेंबरात गेली हो ती. आपण सगळ्यांनी श्रद्धांजली लिहिली, हात जोडलेली चित्रं टाकली. आणि आता नोव्हेंबरात ती हजेरी लावायलीय, चौदा दिवस सलग. अकरा जणांनी ग्रुप सोडला. आमच्या सुवर्णाकाकूनं तर फोनवरनं लिंबू ओवाळून पिळलं.

मारुतीराव : फोनवर?

सौम्या : हसू नका. रस आत गेला, दुसऱ्या दिवसापासनं फोन चार्जच होईना. आता ती म्हणते, बघा, रक्षानं माझा फोन धरला.

मारुतीराव : मी हसत नाही, सौम्या. मी शाळा बंद करायचं ठरवलंय. आज इथून परत गेलो की शेवटचं लिहीन.

सौम्या : असं कसं बंद करता? तीन वर्षं झाली. शामू तहसीलदार कचेरीत कन्नड कागद घेऊन उभा होता, शिपाई हसायलाय, सही कुठं करायची कळेना. त्यानं फोटो टाकला आणि पाच मिनिटांत आपण सगळ्यांनी मिळून त्याला अख्खा कागद वाचून दिला. सुवर्णाकाकूनं नातवाच्या औषधावरचं कन्नड स्वतः वाचलं, त्या दिवशी माग बंद ठेवून पेढे वाटले. तुम्ही रिटायर झालात म्हणून आम्हाला पण रिटायर करणार?

मारुतीराव : तुला सगळं माहीत नाही.

सौम्या : मला एवढं माहीत आहे, की फोनवरच्या शाळेला कागदाचा हजेरीपट ठेवणारा मास्तर अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात एकच आहे. आत्तासुद्धा पिशवीत तोच आहे ना? मी बसमध्ये बघितला. आणि पाच वाजले की रोज लिहिणार, "शाळा सुटली, सावकाश घरी जा." अहो, आम्ही घरीच बसलेलो असतो सर, कुठं जाऊ?

मारुतीराव : सवय. पस्तीस वर्षं फाटकात उभं राहून म्हणत होतो.

जयाबाई : फनसाखाली कोन हुबं हाय ते? वाट चुकला काय?

मारुतीराव : नाही बाई, चुकलो नाही. मी मारुतीराव. खानापूरहून आलोय. तुमची सून रक्षा, ती आमच्या...

जयाबाई : सर! टोपीवरनंच वळखाय पायजे व्हतं मी. फोनमदल्या गोल फोटूत हीच टोपी हाय. या, वर या. आन ही पोरगी कोन?

सौम्या : मी सौम्या, वडगावची. आम्ही दोघी कधी भेटलो नाही मावशी, पण रोज बोलायचो. म्हणजे लिहायचो.

जयाबाई : मागाचा आवाज पाटवलेली ती तूच न्हवं? खटाक खटाक, खटाक खटाक. तिनं मला धा डाव ऐकवला. कातळावरनं खाली आली की चुलीम्होरं बसून समदं सांगायची. शामूनं काय लिवलं, सौम्या कुनाला काय बोलली, ती तुमची काकू अक्षर चुकलं की कशी फोनलाच शिव्या देती. मी एकाचं बी त्वांड बघितलं न्हाय, पर समदी घरातलीच झालती. या, बसा. चा टाकती.

(पडवी. खुंटीला मोबाइल अडकवलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून. चहा येईपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत बसतात.)

सौम्या : सर, तोच आहे. मागं मोराचं पीस चिकटवलंय. तिनं फोटो टाकला होता.

मारुतीराव : हळू बोल.

जयाबाई : मोट्यानं बोला की. त्यो फोन बघाय आलायसा न्हवं तुमी? दोन कोस वाट तुडवून कोन चा प्यायला येत न्हाय.

सौम्या : मावशी, राग मानू नका. रक्षाच्या नंबरवरनं रोज ग्रुपवर मेसेज येतो. हजर म्हणून. कोण तरी तिचा फोन...

जयाबाई : मी लिवती.

सौम्या : तुम्ही?

जयाबाई : मग काय तिचं भूत लिवतंय? भूत आसतं तर बरं झालं आसतं. भुताला कातळ चढाय लागत न्हाय. हितं वाडीत रेंज न्हाय, रोज वर जावं लागतंय. गुडघं गेलं माजं.

सौम्या : पण दहा दहा मिनिटं लिहीत आहे, लिहीत आहे असं येतं!

जयाबाई : ह लगीच घावतोय. ज घावत न्हाय. चष्मा न्हाय मला. दोन डाव भलतंच उमटतंय, ते पुसायचं, परत हुडकायचं. तिसरी झाल्या माजी मराठी शाळंत. वाचाय येतंय सावकाश, पर लिवाय ह्यो एकच शबूद येतोय फोनवर.

मारुतीराव : कुणी शिकवलं?

जयाबाई : तिनंच. श्रावनात ताप आलता तिला. म्हनली, आत्ती, तेवढं वर जाऊन हजर लिवून या, न्हायतर सर नाव काडत्यात. दोन दिस मी गेलती.

मारुतीराव : श्रावणातले ते दोन दिवस तुम्ही होता?

जयाबाई : मीच. ती सांगायची, सर गैरहजर लाल शाईनं मांडत्यात. ते दोन दिस तुमी निळ्या शाईनं धरली आसंल हजेरी.

सौम्या : सर, माझ्याकडं बघू नका. जून महिनाभर माझ्या भावाची हजेरी मीच लावत होते. तो क्रिकेट खेळायला जायचा.

मारुतीराव : म्हणजे मी शाळा चालवत होतो आणि तुम्ही सगळे मला चालवत होता.

जयाबाई : आसं कसं? शिकली की ती. अंगनवाडीची जागा निगालती, कन्नड यायला पायजे आशी आट. म्हशीम्होरं बसून म्हनायची, नन्न हेसरु रक्षा, नन्न हेसरु रक्षा. म्हंजे माजं नाव रक्षा. म्हस बी मान हालवाय लागली शेवटाला.

मारुतीराव : बाई, मग आताच का? ती गेली सप्टेंबरात. चौदा दिवसांपासून तुम्ही...

जयाबाई : दिवस घातलं तवापासनं मी वर जाती. चार दिसांतनं एकदा. नुसतं उगडून बघायची, कोन काय बोलतंय. बोलायला तिचं मानूस न्हाय घरात, म्हनून बघायची. दिवाळी झाली आन त्यात नोटीस आली. दोन म्हैने हजेरी नसलेल्यांची नावं एक डिसेंबरला काडनार.

सौम्या : ती नोटीस... ती मी टाकली. अय्यो, मावशी. शिरस्ता म्हणून सरसकट टाकली. रक्षाचं नाव त्यात येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जयाबाई : तुजं काय चुकलं? तुला काय ठावं, हितं कोन वाचतंय म्हनून. मी आपली लिवाय लागली. नाव ऱ्हाऊ दे म्हनलं.

मारुतीराव : त्याच वाटेनं जाता? जिथं तिला...

जयाबाई : गवातातनं न्हाय. वळसा घालून जाती.

मारुतीराव : तरी जाऊ नका, बाई. या वयात, एकट्या.

जयाबाई : नागराज बी तेच म्हनतोय. माजा ल्योक. बेळगावात फौंड्रीत हाय, रैवारी येतोय. म्हनतोय, आये, त्यो नंबर बंद करून टाकतो. तोंडानं म्हनतोय, पर रिचार्ज संपला की गुपचूप मारतोय त्यातच. मी काय बोलत न्हाय, त्यो काय बोलत न्हाय.

सौम्या : सर, झालं मग. मिळालं उत्तर. मी सगळ्यांना सांगते, भूतबीत काही नाही. चला, साडेतीनची बस...

मारुतीराव : थांब सौम्या. मी हे विचारायला आलो नव्हतो.

सौम्या : मग?

मारुतीराव : हजर कोण लिहितं याची मला भीती नव्हती. कोणीतरी लिहीत असणार, एवढं मला कळतं. बाई, त्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला रक्षाचं हजर आलं. चारची हजेरी, पावणेसातला.

सौम्या : हो, आम्ही सगळ्यांनी बघितलं. तुम्ही त्यावर काहीच लिहिलं नव्हतं.

मारुतीराव : ग्रुपवर नव्हतं लिहिलं. मी चारचौघांत कुणाला रागवत नाही, बाजूला घेऊन रागवतो. तशी पद्धत आहे माझी. तिला एकटीला लिहिलं.

सौम्या : काय लिहिलं?

मारुतीराव : पाठ आहे मला. "आता पावणेसात झाले. ही हजेरी धरली जाणार नाही. वेळेची किंमत नसेल तर शाळेतून नाव कमी करून घ्या."

सौम्या : सर...

मारुतीराव : त्या दिवशी सहा जण गैरहजर होते. मला वाटलं, फुकटची शाळा म्हणून कुणालाच पर्वा नाही. तो सगळा राग तिच्या वाट्याला गेला. पाठवलं, आणि लगेच खालची खूण निळी झाली. म्हणजे कुणीतरी वाचलं. दुसऱ्या दिवशी कळलं, रक्षाला साप चावला, खानापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वासातला... बाई, मी पावणेसातला लिहिलं होतं. अजून अर्धा तास होती ती. दोन महिने मी ती निळी खूण बघतोय. जेवायला बसलो तरी दिसते. तेवढं मला सांगा. तिनं वाचलं का?

जयाबाई : चा निवाय लागला.

मारुतीराव : बाई.

जयाबाई : सांगती की. पर पयल्यापासनं सांगनार. मदलं तेवढंच उचलून देनार न्हाय तुमास्नी. तुमी तुमचं सांगितलासा, आता माजं बी ऐका.

सौम्या : सांगा मावशी.

जयाबाई : त्या दिशी साडेतीनला निगाली ती. मी आडीवलं. म्हनलं, म्हशीला पानी दाव आन मग जा, चारला काय लढाई लागलीया तुजी? ती म्हनली, आत्ती, आल्यावर दावती. म्हनलं, न्हाय, आत्ता. सर, म्हस तानलेली न्हवती. दुपारी मीच पाजलंतं तिला पानी.

सौम्या : मग का...

जयाबाई : राग यायचा मला. घड्याळात साडेतीन झालं की ही हातातलं टाकून पळनार. तितनं हसत येनार. शामू आसं म्हनला, सर तसं म्हनले. मला वाटायचं, सून माजी का ह्या फोनवाल्यांची? येक दिस तरी हिला उशीर हू दे, आसं आलतं माज्या मनात. आन झाला उशीर.

मारुतीराव : असं म्हणू नका.

जयाबाई : म्हनू दे. कुनाला म्हनलेलं न्हाय आजून. नागराजला बी न्हाय. तिनं बिचारीनं म्हशीला पानी दावलं, म्हस पिली बी न्हाय. तवर चार हून गेलं. वळसा घालून जायला येळ न्हवता, म्हनून गवातातनं पळत गेली. कातळावर चढली तर रेंज न्हाय. कणकुंबीचा टावर बंद, तीन दिस लाईट न्हवती त्येला. तिनं हजर लिवलं, त्येच्याखाली बारकं घड्याळ आलं. जाईचना. पाचपातूर फोन वर धरून हुबी व्हती. धार काडायची येळ झाली म्हनून उतराय लागली, ती परत गवातातनंच. नागानं धरलं.

सौम्या : हे सगळं तिनं सांगितलं तुम्हाला?

जयाबाई : जीपमदी. जीप मिळंस्तवर सा वाजलं. नागराज बेळगावात, मारुतीच्या देवळाम्होरली चार पोरं धावली. तिचं डोस्कं माज्या मांडीवर. जीभ जड झालती, पापन्या मिटत व्हत्या, पर बोलत व्हती. फोन माज्याकडं दिलाता. जांबोटी आली आन फोन वाजला. मी बघितलं तर त्ये घड्याळ गेलंतं, तिचं हजर सुटलंतं. आन जरा येळानं परत वाजला. तुमचं आलतं. तिनं आवाजावरनं वळखलं. तुमच्यासाटी निराळा आवाज ठिवलाता तिनं, घंटीचा. म्हनली, आत्ती, सर काय म्हनत्यात?

मारुतीराव : तिनं वाचलं?

जयाबाई : डोळं उगडत न्हवतं तिचं. मी वाचलं. मनात. सावकाश वाचती मी, आन जीप ही एवढी हादरत व्हती. येकेक शबूद लागत व्हता. ही. हजेरी. धरली. तितं मला बरं वाटलं बगा. धरली म्हनलं. मग फुडं आलं, जानार. मग न्हाई.

मारुतीराव : आणि तुम्ही...

जयाबाई : म्हनलं, सर म्हनत्यात, हजेरी धरली. रेंज नसंल, काय हरकत न्हाय, आसं म्हनत्यात. 

सौम्या : मावशी.

जयाबाई : हसली. त्वांड वाकडं झालतं, पर हसली ती. म्हनली, बरं झालं. त्यानंतर काय बोलली न्हाय.

सौम्या : सर... सर, भिंतीला टेका. टोपी पडली तुमची. घ्या. पाणी देऊ?

मारुतीराव : नको.

जयाबाई : रडू द्या. हितं कोन बघतंय? दोन म्हैने त्येनी बी कोंडून ठिवलंय.

मारुतीराव : बाई, माझ्या तोंडून जे यायला हवं होतं ते तुम्ही बोललात. मी माफी कुठल्या तोंडानं मागू?

जयाबाई : मागू नगासा. मी न्हाय देनार. मला कोन देतंय? मी म्हशीपायी थांबवलं, तुमी हजेरीपायी पळवलं. दोगांचं बी हात हाईत त्यात. नाग तरी बिचारा त्येच्या वाटंवर बसलाता. पर सर, येक काम हाय तुमच्याकडं. रोज कातळ चढती ती त्येच्यासाटीच.

मारुतीराव : सांगा.

जयाबाई : मी खोटं बोलली मरत्या पोरीशी. जल्मात तिच्याशी ग्वाड बोलली न्हाय फारशी, आन शेवटाला बोलली ते खोटं बोलली. त्येनं झोप न्हाय मला. मला वाटलं, मी हजर लिवत गेली तर येक दिस तुमी म्हनचाल, धरली. तेवढंच यायला पायजे व्हतं तिच्या फोनवर. त्यावर मी थांबली आसती. पर तुमी गप. समदी गप. मी वर कातळावर बसायची तास तास, आन फोन बी गप.

मारुतीराव : घाबरलो होतो आम्ही.

जयाबाई : मला?

मारुतीराव : मला तरी माझंच भय वाटत होतं.

सौम्या : सर, तो पट काढा की.

मारुतीराव : हो. पिशवी दे ती. हे बघा बाई, ग्रुपवर सगळे लिहितात, पण मी हजेरी इथं मांडतो. हा सप्टेंबर. सोळा तारीख, मंगळवार. ही ओळ रक्षाची. आणि हे लाल शाईचं अक्षर...

जयाबाई : गै. वाचाय येतंय मला. गैरहजर.

मारुतीराव : पस्तीस वर्षांत मी पटावर खाडाखोड केली नाही. खरवडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. चूक झालीच तर त्याची एक रीत असते. चुकीच्या अक्षरावर आडवी रेघ मारायची, म्हणजे चूक झाली होती हे दिसलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं. शेवटच्या रकान्यात कारण. आणि दोन सह्या, करणाऱ्याची आणि साक्षीदाराची.

जयाबाई : मारा रेघ.

मारुतीराव : तिनं हजर किती वाजता लिहिलं होतं, ते दिसेल का फोनवर?

जयाबाई : दिसतंय की. रोज बघती. चार बावीस.

मारुतीराव : चार बावीस.

सौम्या : सर, सव्वाचारची मुदत असते म्हणून आता सात मिनिटांचा हिशेब काढणार असाल, तर मी ह्या पडवीवरनं खाली उडी मारते.

मारुतीराव : मी काही बोललो का? पण कारणाच्या रकान्यात खोटं लिहायचं नाही मला. या बाईंना खरं करून हवंय.

जयाबाई : व्हय. खरंच पायजे. ती सात मिंटं माजी हाईत. माज्या नावावर घाला.

मारुतीराव : लिहू?

जयाबाई : लिवा. म्हशीला पानी दावाय सासूनं थांबवलं. म्हस तानलेली न्हवती. आसं लिवा.

सौम्या : मावशी, म्हशीचं कशाला...

जयाबाई : लिवू दे त्यास्नी. कुटंतरी लिवलेलं असू दे.

मारुतीराव : "सासूबाईंनी म्हशीला पाणी दाखवण्यासाठी थांबवले; म्हैस तहानलेली नव्हती. नंतर रेंज नव्हती. विद्यार्थिनी पाच वाजेपर्यंत जागेवर होती. शिक्षकाने चौकशी न करता गैरहजेरी मांडली." झालं. ही माझी सही. इथं तुमची.

जयाबाई : पेनानं लिवून चाळीस वर्सं झाली. आंगठा लावला तर?

मारुतीराव : हजर लिहिता येतं त्याला सही येते. ज सापडायला वेळ लागेल, लागू दे.

जयाबाई : ज. हितं काना न्हाय. या. हितं काना. पडला का नीट? बा... ई. बगा, वाकडं झालंय.

मारुतीराव : वाचता येतंय. पुरे. रक्षा, सोळा सप्टेंबर, हजर.

जयाबाई : म्हंजे मी तिला खोटं सांगितलं न्हाय.

मारुतीराव : नाही. तुम्ही वेळेवर सांगितलंत. लिहायला मला उशीर झाला.

सौम्या : पावणेचार झाले, सर. इथं रेंज नाही. आज शाळा कशी भरणार?

मारुतीराव : आजची सुट्टी. उद्या भरेल.

सौम्या : म्हणजे बंद नाही? गेलेल्या अकरा जणांना घेऊन येऊ परत?

मारुतीराव : आण. आणि माझ्या नियमात आता एक दुरुस्ती आहे. ज्याच्याकडं रेंज नाही, त्यानं रेंज येईल तेव्हा लिहावं. मी रात्री झोपेपर्यंत धरीन. आणि रक्षाचं नाव कुणी काढायचं नाही.

जयाबाई : काडा.

सौम्या : काय म्हणता मावशी? त्याच्यासाठीच तर तुम्ही...

जयाबाई : हजेरी धरली न्हवं आता? मग काडा. किती दिस बसवून ठेवायची तिला शाळंत? ती बी दमली आसंल, मी बी दमली. उद्यापासनं मी कातळ चढनार न्हाय. सर, पाचला तुमी रोज कायतरी लिवत व्हता समद्यास्नी. ती खाली आली की तसंच म्हनायची दारातनं.

सौम्या : शाळा सुटली, सावकाश घरी जा. आम्ही चेष्टा करायचो त्याची.

जयाबाई : ती न्हाय करायची. तिला खरंच यायचं आसायचं घरला. त्या दिशी ते आलं न्हाय तिच्या फोनवर. मी कितीदा बघितलं.

मारुतीराव : त्या दिवशी मी लिहिलंच नव्हतं. रागात फोन ठेवून दिला होता.

जयाबाई : मग आत्ता लिवा की.

मारुतीराव : जाणार नाही इथून.

जयाबाई : लिवा तर.

सौम्या : लिहा सर. चष्मा घ्या.

मारुतीराव : शाळा सुटली, रक्षा. सावकाश घरी जा.

सौम्या : घड्याळ आलंय खाली.

जयाबाई : आसू दे. जांबोटीला जाईल.